वाचनालयातली मुलांची खोली : कामाच्या नोंदी, जानेवारी ते ऑक्टोबर २०२४

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात मी ग्रंथपाल आहे. इमारत जुनी. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. मागच्या बाजूला १४ बाय १८ फुटांची खोली आहे. तिच्यात वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि जुने दिवाळी अंक पडून होते. ती खोली मुलांसाठी करायचं ठरलं. सुरुवात करण्याआधी मी असं काम कुणी केलंय का ते शोधलं. जे सापडलं ते सगळं मोठ्या शहरांतलं, गुळगुळीत भिंतींचं आणि वातानुकूलित खोल्यांचं होतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे काय करायचं, हे कुणी लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून या नोंदी. चुका वगळलेल्या नाहीत.

१४ जानेवारी

आज रविवार, वाचनालयाला सुट्टी. आळीतल्या तीन मुलांना मुद्दाम बोलावलं आणि बाजूला बसून नुसतं बघत राहिले.

आमच्याकडे मुलांची ६४० पुस्तकं आहेत. बरीचशी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून आलेली, बाकीची आम्ही घेतलेली. दोन काचेच्या कपाटांत ती कुलपात असतात आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. डिसेंबरच्या देवघेवीत मुलांची किती पुस्तकं गेली ते रजिस्टरात मोजलं. अकरा.

मुलं आली, कपाटापुढे उभी राहिली. सगळ्यात धाकटी पाच वर्षांची. तिने काचेला नाक लावलं आणि विचारलं, "हात लावलो तर चलात?" मी उठून किल्ली आणली, कुलूप उघडलं. तेवढ्यात दोघं पडवीत जाऊन पायऱ्यांवरून उड्या मारायला लागली होती.

मग मेजपट्टी घेऊन जमिनीवर बसले. त्या मुलीचे डोळे जमिनीपासून साधारण ३८ इंचांवर. त्या उंचीवर आमच्या कपाटात काय होतं? वार्षिक अहवाल. चित्रांची पुस्तकं पाच फुटांवर, कारण ती "खराब होऊ नयेत". इतकी वर्षं मी हे कपाट रोज उघडते, पण बसून कधी पाहिलं नव्हतं.

आज एवढंच ठरवलं: मुलाला मोठ्या माणसाला न विचारता पुस्तकापर्यंत पोचता आलं पाहिजे. बाकी सगळं, रंग, खेळ, सजावट, त्याच्यानंतर.

२१ जानेवारी

कार्यकारिणीची बैठक. खोलीला सगळ्यांची संमती, पण मुक्तद्वार, म्हणजे पुस्तकं कुलपाबाहेर मुलांच्या हाताशी ठेवायची, म्हटल्यावर गाडी अडली. कार्यवाह भाऊंचा प्रश्न सरळ होता: "पुस्तकं गेली, फाटली, तर जबाबदारी कुणाची? दाखल रजिस्टर तुमच्या हातचं आहे." त्यांची काळजी खोटी नाही. प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक असतो आणि पडताळणीच्या वेळी ते पुस्तक दाखवावं लागतं.

तोडगा असा निघाला: २०० पुस्तकं उघड्यावर ठेवायची, बाकीची दिवाळीपर्यंत कुलपात. दर महिन्याला गहाळ आणि फाटलेल्यांचा आकडा बैठकीपुढे ठेवायचा. दिवाळीच्या आधी पुन्हा निर्णय.

पैसे: एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ २५,००० दिले, वाचनालयाच्या शिलकीतून २०,०००, सभासदांकडून १५,०००. एकूण ६०,०००. अनुदानाच्या पैशाला या कामासाठी हात लावायचा नाही, हेही ठरलं. हिशेब स्वच्छ राहतो.

११ फेब्रुवारी

खोली रिकामी करायला दोन दिवस धरले होते, सहा गेले. गठ्ठे उचलले तर खालचे चार-पाच थर हातात भुसा होऊन आले. वाळवी. भिंतीच्या कडेने मातीच्या नळ्या पार वाशापर्यंत चढलेल्या.

इथे मी एक गोष्ट नीट केली, ती सांगते. वाळवीचं औषध लाकूडकामाच्या आधी मारून घेतलं. फरशीच्या कडेने भोकं पाडून आत औषध सोडलं, भोकं बुजवली आणि खोली तीन आठवडे दारं-खिडक्या उघड्या टाकून रिकामी ठेवली. मुलं जिथे पालथी पडून वाचणार, तिथे औषधाचा वास उरता कामा नये. खर्च ५,५००. तो अंदाजपत्रकात नव्हता. जुनी इमारत असेल तर तुम्ही आधीच धरा.

२ मार्च

रंगारी आला. भिंतीवर काय काढायचं यावर बैठकीत कुणीच फारसं बोललं नव्हतं, म्हणून त्याने नेहमी बालवाडीत काढतो ती टीव्हीवरची कार्टून काढली. खाली निळा ऑइलपेंट, वर चित्रं. ६,००० रुपये. मला ते आवडलं नव्हतं. वाचनालयाच्या भिंतीवर मुलांना आधीच पाठ असलेली चित्रं कशाला? पण मी गप्प राहिले. त्याहून मोठी चूक ऑइलपेंटची होती, ती पावसात कळली. पुढे लिहिलंय.

१० मार्च

पुस्तकांच्या मांडणीचं काम. हा भाग जरा विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडच्या पुस्तकांची अडचण वेगळी आहे.

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची लहान मुलांसाठीची बरीच पुस्तकं १६ ते ३२ पानांची, मध्ये पिना मारलेली असतात. त्यांना कणा नसतोच. साध्या फळीवर उभी केली की वाकतात, एकमेकांत घुसतात, आणि मुलाला दिसते ती फक्त कागदाची कड. नाव दिसत नाही, चित्र दिसत नाही. ही पुस्तकं मुखपृष्ठ समोर करूनच ठेवायला हवीत.

स्वस्त उपाय म्हणून पावसाच्या पाण्याची पीव्हीसी पन्हळ वापरायची ठरवली. इथे दर घराच्या वळचणीला ती असतेच, दुकानात लगेच मिळते. तीन मीटरच्या तीन लांब्या आणल्या. अर्धगोल आणल्या, ही चूक. गोल तळात पुस्तक टेकतं पण टिकत नाही, खालची कड पुढे सरकते आणि पुस्तक पाठीवर पडतं. पातळ पुस्तकं तर मधोमध वाकून आत बसली.

दुसरी चूक भिंतीची. जांभ्याला ड्रिलने भोक पाडून रावळप्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी गुल्ली, बसवला, स्क्रू आवळला आणि पन्हळीवर हात ठेवला तर प्लगसकट सगळं बाहेर. जांभा भुसभुशीत, वरचा चुन्याचा गिलावा त्याहून. तीनदा प्रयत्न केला, भिंतीला अकरा भोकं पडली.

१७ मार्च

मेस्त्रीकाका आले. भोकं बघून म्हणाले, "बाय, जांब्याक एके जाग्यार वजन देऊचा नाय. पट्टी मार, वजन वाटून दी."

त्यांनी तीन इंच रुंदीची लाकडी पट्टी भिंतीला आडवी लावली. स्क्रू चार इंची, दर फुटाला एक, आणि प्रत्येक भोकात आधी सिमेंट भरून दोन दिवस वाळू दिलं. पन्हळ त्या पट्टीवर. गोल पन्हळी परत दिल्या, चौकोनी तळाच्या आणल्या. दुकानदाराने फरक घेतला, भाडं आमचं. कापलेल्या टोकांची धार पॉलिश पेपरने मारली आणि टोप्या बसवल्या. ती धार ब्लेडसारखी असते, हे माझ्या अंगठ्याने सांगितलं.

उंची: पहिली ओळ जमिनीपासून १४ इंच, दुसरी २६, तिसरी ३८. याच्यावर एकही नाही. तीन ओळींत ५४ पुस्तकं समोर तोंड करून बसतात. ५४ ही संख्या कमी वाटते. पण कपाटात ६४० असताना एकही दिसत नव्हतं.

आता शिमगा. मेस्त्रीकाका त्यांच्या गावच्या पालखीबरोबर. दोन आठवडे काम बंद राहणार. हे मी आधी धरायला हवं होतं. कोकणात शिमग्याच्या दिवसांत सुतार, गवंडी, कुणीही मिळत नाही.

१४ एप्रिल

पाडव्याला खोली उघडायची ठरली होती. ते हुकलं. कारण शिमगा अर्धंच, बाकी अर्धं मी.

मधल्या भागात ठेवायच्या दोन बुटक्या मांडण्यांचं माप मी चार फूट उंच असं दिलं होतं. इतकी वर्षं ज्या मांडण्या बघितल्या त्यांच्या मानाने चार फूट मला "बुटकं" वाटलं. पहिली तयार झाली, खोलीत ठेवली आणि तिच्यामागे सात वर्षांचा मुलगा बसला, तर तो दिसेना. म्हणजे मला टेबलावरून मुलं दिसणार नाहीत आणि मुलाला वरचा खण पोचणार नाही. एका मापात दोन्ही बाजूंनी चूक. कापून ३० इंचांवर आणली. दोन दिवसांची मजुरी आणि अर्धी पाटी प्लाय गेलं.

प्लाय १८ मिमी, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचं मरीन, म्हणजे पाणी सोसणारं, घेतलं. साधं आयएस ३०३ स्वस्त पडतं, पण दमट हवेत त्याचे पापुद्रे सुटतात हे आमच्या कार्यालयातल्या टेबलाने दाखवलेलं आहे. मांडणीचा तळ जमिनीला न टेकवता सहा इंचांच्या पायांवर उचलला. झाडू आत जातो, ओल चढत नाही, वाळवी आली तर पायावर दिसते. मुलांची पुस्तकं खाली हवीत आणि ओलीपासून वर हवीत, या दोन्हीच्या मधली जागा म्हणजे हे सहा इंच. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून पुस्तकं भिजली, ते फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. आमचं वाचनालय चढावर आहे, पूर येत नाही. तरी दुर्मीळ, जुनी अशी एकही प्रत खालच्या खणात ठेवायची नाही, हा नियम केला.

सगळ्या कडा रंध्याने गोल करून घेतल्या. मेस्त्रीकाकांनी स्वतःचा तळहात प्रत्येक कडेवरून फिरवून बघितला, मग माझा फिरवायला लावला.

दोन मांडण्यांच्या मध्ये एक "गुहा" केली. तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, वर प्लाय, आत बसून वाचायचं. ती कोपऱ्यात भिंतीला लावली, एका बाजूने बंद. मेस्त्रीकाका म्हणाले, "बंद कोनो ठेव नको. पावसात जनावर बसतलां." मी म्हटलं, बघू.

५ मे

उघडली. शाळांना सुट्टी, मुंबईहून आलेली मुलं गावात, पहिल्याच दिवशी ४३ मुलं. खाली ईव्हीएच्या (रबरासारख्या फोमच्या) रंगीत मॅट, एकमेकांत अडकवायच्या, २ बाय २ फुटांच्या २४. प्रत्येकी १९० प्रमाणे ४,५६०.

अर्ध्या तासात मुलांनी मॅट उचकटून त्यांचं घर बांधलं. भिंती, दार, वर छप्पर. दोन मुली आत बसून पुस्तक वाचत होत्या आणि बाहेर उभ्या असलेल्या भावाला म्हणत होत्या, "कडी लावलीय, मागून ये." मी मॅट परत लावायला उठले आणि थांबले. खेळायला जागा हवी, असं म्हणून तर आपण हे केलं.

आज जे सुचलं नव्हतं ते: हात. मे महिना, काजूची बोंडं, आंबे, फणस. बोंडाच्या रसाचे डाग चार पुस्तकांवर पडले, ते जात नाहीत. संध्याकाळीच पडवीत बालदी, मग, साबण आणि टॉवेल ठेवला. हात धुतल्याशिवाय आत नाही, एवढा एकच नियम दारावर लिहिला. शब्दांत नाही, पंजाच्या चित्रात.

१९ मे

आजची नोंद लिहायला जड जातंय.

खेळायला म्हणून मी टोपल्यांत चिंचोके, सागरगोटे, कवड्या ठेवल्या होत्या. पटावरचे खेळ त्यांच्यावरच चालतात, मुलांना गावातून फुकट मिळतात, मला ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी बरे वाटत होते. काल एक नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. तो दोन वर्षांचा. त्याने चिंचोका नाकात घातला. आत सरकला. दवाखान्यात डॉक्टरांनी काढला, मुलाला काही झालं नाही. पण ते वीस मिनिटं.

माझी चूक अशी की खोली "६ ते १२ वयाची" असं मी कागदावर धरलं होतं. आपल्याकडे मोठं भावंड एकटं येत नाही. आई शेतात किंवा कामावर, धाकटं कडेवर. खोली दोन वर्षांच्या मुलालाही सुरक्षित हवी, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो.

खेळण्यांच्या सुरक्षेचा दंडक असा: साधारण ३२ मिमी तोंडाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागता कामा नये. मेस्त्रीकाकांनी लाकडाच्या ठोकळ्याला ३२ मिमीचं भोक पाडून दिलं. आता कुणी खेळणं भेट आणलं की आधी ठोकळ्यात घालून बघते. चिंचोके आणि कवड्या झाकणाच्या डब्यात, माझ्या टेबलावर, मागितल्यावर मोठ्यांना. त्या जागी सावंतवाडीची लाकडी फळं-भाज्या आणल्या, मोठ्या आकाराच्या, १,४५० रुपयांच्या. त्यांचा बाजार रोज मांडला जातो. वांगं दहा रुपयांना, आंबा शंभराला.

१६ जून

शाळा काल सुरू झाल्या, पाऊस आठवडाभर धरून आहे. आज एक मॅट उचलली. खाली शहाबादी फरशी ओली, मॅटच्या पोटावर काळी बुरशी आणि एक गोगलगाय. चोवीसच्या चोवीस तशाच. इथल्या फरशीला पावसाळ्यात खालून ओल येते, तिला वर जायला वाट हवी असते. रबरासारखं काही अंथरलं की ती तिथेच कोंडते. सगळ्या मॅट काढून टाकल्या. ४,५६० रुपये सहा आठवड्यांत गेले.

उपाय: उरलेल्या प्लायचा आणि फळ्यांचा, चार इंच उंच, ८ बाय ६ फुटांचा एक पाट. फळ्यांमध्ये अर्ध्या बोटाच्या फटी. त्यावर गोधड्या. शेजारच्या वाडीतल्या बायकांनी जुन्या साड्यांच्या चार शिवून दिल्या, प्रत्येकी ९०० रुपये. रोज संध्याकाळी त्या दोरीवर टाकायच्या, महिन्यातून एकदा ऊन मिळेल त्या दिवशी धुवायच्या. काम वाढलं. पण आता मुलं आल्या आल्या गोधडी स्वतः अंथरतात, त्यावरून भांडतात, आणि आपली जागा ठरवून बसतात.

३० जून

भिंतीवरच्या कार्टूनच्या पोटाला फोड आला. बोट लावलं तर रंगाचा पापुद्रा ताटाएवढा सुटला, मागे पाणी. जांभ्याची भिंत पावसात ओल पिते आणि मग बाहेर सोडते. चुना ती सोडू देतो, ऑइलपेंट अडवतो. रंगाऱ्याला हे माहीत असणार, पण विचारायचं काम माझं होतं.

रंग खरवडून काढला. पावसात नवा लावता येणार नाही, म्हणून भिंत तशीच उघडी ठेवली. चार दिवसांनी बघते तर गिलाव्यावर खडूने बैल, एसटी, पाऊस, कुणाचं तरी नाव. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मुलांना भिंतीवर चित्रं हवीच होती, फक्त त्यांची स्वतःची.

७ जुलै

सकाळी झाडताना गुहेच्या आतल्या कोपऱ्यात विंचू. काळा, बोटाएवढा. मुलं यायला तीन तास होते.

मेस्त्रीकाकांनी दुपारीच गुहेची दुसरी बाजू कापली, ती भिंतीपासून दीड फूट पुढे ओढली, तळ उचलून खाली फट ठेवली. मला बोलले काही नाहीत. आता दोन्ही बाजूंनी उजेड येतो, काठी आरपार जाते, आणि रोज खोली उघडताना ती फिरवणं हे माझं पहिलं काम आहे. दोन तोंडं झाल्यावर तिथे गर्दी वाढली. आधी एक मूल आत असलं की दुसरं बाहेर ताटकळायचं. अंधाराला घाबरणारी दोघं-तिघंही आता जातात.

२१ जुलै

पुस्तकं सुटायला लागली. फाटून नव्हे, पिना गंजून. इथल्या हवेत पिनेला जुलैपर्यंत तांबडा गंज चढतो, कागदावर डाग येतो, मग पिनेभोवतीचा कागद जळल्यासारखा ठिसूळ होतो आणि मधलं पान सुटून येतं. मुलांवर खापर फोडण्याआधी हे तपासा. मी ३१ सुटलेली पुस्तकं बघितली, त्यातली २२ पिनेमुळे गेली होती.

गावात एक जुने बाइंडर आहेत, डोळे अधू झाल्यामुळे काम सोडलंय. त्यांच्याकडून शिकले. पुस्तक मधोमध उघडायचं. पिनेचे पाय नखाने नव्हे, बोथट सुरीने सरळ करायचे आणि पाठीकडून ओढायचे. घडीत तीन भोकं दाभणाने: एक मध्ये, दोन कडांपासून दोन बोटं आत. दोरा सुती, मेणावर दोनदा ओढलेला. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि शेवटी मधल्यातून परत आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत, म्हणजे गाठ त्या टाक्यालाच आवळून बसते. ओढताना दोरा घडीच्या दिशेने ओढायचा, वर उपसला तर कागद चिरतो. माझी पहिली तीन पुस्तकं अशीच चिरली. आता एका पुस्तकाला सहा मिनिटं लागतात.

चिकटवायच्या खळीत बाइंडर मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. ते विष आहे आणि लहान मुलं पुस्तक तोंडात घालतात, म्हणून मुलांच्या पुस्तकांना खळ नकोच. पातळ केलेलं फेव्हिकॉल वापरलं. चिकटपट्टी अजिबात लावू नका. वर्षात पिवळी पडते आणि निघताना छपाई घेऊन निघते.

नवीन पुस्तक आलं की सुटायची वाट न बघता पहिल्याच दिवशी पिना काढून शिवायचं, असं ठरवलं. पाचवी-सहावीतल्या चार मुली शनिवारी दुपारी शिवायला बसतात. हे खोलीतलं सगळ्यात शांत काम आहे, आणि त्या चौघी आपण शिवलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलं की लांबून लक्ष ठेवतात.

१२ ऑगस्ट

आज ग्रंथपाल दिन, एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिला: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. तेव्हा कपाटाची किल्ली डोळ्यांसमोर आली नव्हती.

पण आजचा दिवस आवाजाच्या तक्रारीत गेला. पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्रं वाचणारे ज्येष्ठ सभासद भाऊंकडे लेखी तक्रार घेऊन गेले. त्यांचं म्हणणं रास्त आहे. मी जूनमध्ये दोन खोल्यांच्या मधल्या दाराला प्लायचा पडदा केला होता, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आज मान वर करून बघितलं तेव्हा कारण दिसलं: भिंती आढ्यापर्यंत जातच नाहीत. कौलारू इमारत, वर सगळं मोकळं. आवाज भिंतीवरून जातो, दारातून नाही.

छत करायला पैसे नाहीत, आणि केलं तर खोली उकडेल. म्हणून वर्तमानपत्रांचं टेबल पुढच्या पडवीत नेलं, तिथे उजेड जास्त, वारा जास्त. मुलांची वेळ साडेचार ते साडेसहा. सभासदांपैकी दोघांना पडवी आवडली, एकांना नाही. ते आता सकाळी येतात.

१ सप्टेंबर

पिंगुळी इथून लांब नाही. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या प्रसिद्ध आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. मुलांना घेऊन बघायला गेलो. चित्रकथीत चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि गोष्ट गात-सांगत पुढे न्यायची.

परत आल्यावर मुलांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर पोथी केली. गोष्ट गुहेतल्या विंचवाची. नऊ चित्रं. मेस्त्रीकाकांनी कापलेल्या प्लायच्या तुकड्याला खिडकी पाडून दिली, बायकांनी पडदा शिवला, ७०० रुपयांत रंगमंच झाला. इतर सगळ्या खेळांपेक्षा हा जास्त चाललाय. खेळायचं आणि वाचायचं यांत इथे भिंत राहत नाही: पुढचं चित्र काढायला गोष्ट लागते, आणि गोष्ट शोधायला मुलं पन्हळीकडे जातात.

२२ सप्टेंबर

गणपती झाले, गाव रिकामं झालं. आज मोजणी. उघड्यावरच्या २०० पैकी फाटलेली ९, दुरुस्त झाली. गहाळ ३. त्यातलं एक गणपतीत आलेल्या मुलाबरोबर मुंबईला गेलं होतं, ते पोस्टाने परत आलं. म्हणजे २. निर्लेखनाचा, म्हणजे ती दोन नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करून ठेवला.

ऑगस्टची मुलांची देवघेव १३८. याशिवाय तिथेच बसून वाचून ठेवलेली पुस्तकं कितीतरी, त्यांची नोंद होत नाही. आता पाटाजवळ टोपली ठेवलीय, वाचून झालं की तिच्यात टाकायचं. मी संध्याकाळी मोजते आणि मग जागेवर लावते. मुलांना जागेवर ठेवायला सांगितलं की ती कुठेही खुपसतात, आणि मोजही जाते.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. सगळी कार्यकारिणी खोलीत जमिनीवर बसली, खुर्च्या तिथे नाहीतच. हिशेब वाचून दाखवला.

प्लाय १२,८००. मेस्त्री ११ दिवस, १,१०० प्रमाणे १२,१००. पन्हळ, पट्ट्या, स्क्रू, टोप्या ३,४५०. वाळवी ५,५००. दोन भिंतीवरचे पंखे आणि दिवे ४,२००. गोधड्या ३,६००. लाकडी फळं १,४५०. रंगमंच ७००. मॅट ४,५६० आणि ऑइलपेंट ६,०००, हे दोन्ही वाया. चुना, गेरू आणि त्याची मजुरी २,६००. एकूण ५६,९६०, शिल्लक ३,०४०. वाया गेलेले १०,५६० मी वेगळ्या ओळीत लिहिले.

भिंतीला पाऊस गेल्यावर चुना दिला. खालचे तीन फूट गेरू, त्यात थोडं फेव्हिकॉल, म्हणजे कपड्यांना लागत नाही. त्यावर खडूने काढायचं, ओल्या फडक्याने पुसायचं.

भाऊंनी गहाळचा आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "दोन पुस्तकांसाठी चारशे चाळीस कुलपात ठेवायची नाहीत." उरलेली सगळी उघड्यावर काढायला मंजुरी मिळाली. कपाटांची दारं मेस्त्रीकाका येत्या रविवारी बिजागरीतून काढणार आहेत. वरचे दोन खण रिकामे राहतील, तिथे माझी रजिस्टरं.

उरलेलं काम: पडवीतल्या नळाची उंची. बालदीतलं पाणी सांडून पायरी निसरडी होते, आणि नळ लहानांना पोचत नाही. जमिनीपासून २० इंचांवर दुसरी तोटी काढायला प्लंबर ८०० सांगतोय. शिलकीत बसतं.